रिकामा परत आलेला डबा

पत्र:

"आम्ही तीन वर्षांपूर्वी चिंचवडला राहायला आलो. मी मूळची नगर जिल्ह्यातली, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यांत ख्रिस्ती आम्हीच. शेजारच्या काकूंशी माझं फार जमायचं. जूनमध्ये काकांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी आठ दिवस दोन्ही वेळचा डबा दिला. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सारखं सांगतात, साक्ष द्या, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगा, संधी सोडू नका. म्हणून शेवटच्या दिवशी डब्याबरोबर 'मरणानंतर काय?' अशी एक हस्तपत्रिका ठेवली. दुसऱ्या दिवशी नातवाच्या हाती डबा परत आला. घासलेला, रिकामा. तेव्हापासून काकू हसतात, पण दार अर्धवट लोटून बोलतात. इकडे ऑफिसातली मैत्रीण विचारते, 'तू एवढी शांत कशी गं?' आणि मी 'असंच' म्हणून विषय बदलते. नको तिथं बोलले आणि हवं तिथं गप्प बसले. आता काय करू? गणपती जवळ आलेत. काकू आरतीला बोलावतील की नाही, आणि बोलावलं तर मी काय करायचं, हेही कळत नाही."
— एक भगिनी, चिंचवड

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत जात नाही. निदान चार साखरेचे दाणे तरी त्यात पडतात. काकूंनी तो रिकामा पाठवला, तेव्हा त्यांनी काहीही न बोलता सगळं सांगितलं. आठ दिवस तुमचा डबा नुसता डबा होता. शेवटच्या दिवशी त्यात कागद आला आणि आधीच्या पंधरा डब्यांचा अर्थही मागे जाऊन बदलला. 'हे सगळं एवढ्यासाठी चाललं होतं होय?' हा प्रश्न त्यांना पडला असणार. शिवाय कागदावरचा मथळा पाहा. हृदयाच्या नळीत नुकताच स्टेंट बसवून माणूस घरी आलाय, त्या घरात त्या आठवड्यात मरण हा शब्द कुणी तोंडाशीही येऊ देत नसेल. पत्रिकेतला मजकूर खरा की खोटा हा इथं प्रश्नच नाही. मदत आणि संदेश एकाच पिशवीतून गेले की मदतीची किंमत वसूल केल्यासारखी होते.

म्हणून पहिलं काम माफीचं, आणि ते गणपतीच्या आधी. व्हॉट्सॲपवर नको. दुपारी चारच्या सुमारास, काकू एकट्या असताना जा. हातात काही नेऊ नका. केक नको, फळंही नकोत. एवढंच म्हणा: "काकू, त्या दिवशी डब्यात मी जो कागद ठेवला तो ठेवायला नको होता. काका आजारी असताना तर नाहीच. माझं चुकलं. डबा मी फक्त तुमच्यासाठी दिला होता." आणि थांबा. माफी बिघडते ती पुढच्या वाक्यांनी. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' म्हटलं की चूक त्यांच्या वाटण्यावर ढकलली जाते. 'आमच्या धर्मात असं सांगावं लागतं' म्हटलं की माफीतूनही पुन्हा पत्रिकाच डोकावते. काकांची तब्येत विचारा, चहा दिला तर प्या आणि घरी या. त्यानंतर काही महिने विश्वासाचा विषय तुमच्याकडून निघू नये. त्यांनी काढला तर गोष्ट वेगळी.

या महिन्यांत करायचं काय? मागायचं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशू विहिरीवर एका शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या समाजातल्या, बाईशी बोलतो, ते संभाषण 'मला प्यायला पाणी दे' इथून सुरू होतं. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतो याचं तिलाच आश्चर्य वाटतं. पाणवठ्यावर कुणी कुणाच्या हातचं प्यावं यात किती काय दडलेलं असतं, ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथं येशू देणारा नाही, आधी घेणारा आहे. तुम्ही काकूंना सोळा डबे दिलेत. त्यांच्याकडून काय घेतलंत? गावी जाताना घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवा. त्यांना मेतकूट करायला शिकवायला सांगा. मुलाला ताप आला तर रात्री दार वाजवा. जो शेजारी कायम देतच राहतो, त्याच्यासमोर माणूस मिंधा होतो, आणि मिंधा माणूस मोकळं बोलत नाही. पुष्कळ भल्या ख्रिस्ती माणसांची साक्ष नेमकी इथंच अडते.

आता मैत्रिणीकडे वळू. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलंय ते, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेनं व आदरानं द्या. विचारणाऱ्याला, हे नीट लक्षात घ्या. काकूंनी विचारलं नव्हतं. मैत्रिणीनं विचारलंय. संधी हातची गेली असंही मानू नका. असा प्रश्न पुन्हा उघडता येतो. डबा खाताना किंवा लोकलला निघताना, दोघीच असताना म्हणा, "तू मागे विचारलं होतंस ना, मी शांत कशी? मी टाळलं तेव्हा. खरं उत्तर देऊ का?" ती हो म्हणाली तर साधारण असं: "नेहमी शांत असते असं नाही. रात्री झोप येत नाही तेव्हा देवाशी बोलते, कधी भांडतेसुद्धा. येशूनं स्वतः सोसलंय, म्हणून त्याला माझं कळतं असं मला वाटतं. तेवढ्यावर सकाळी उठता येतं." हे वीस सेकंदांचं बोलणं आहे. यानंतर 'म्हणून तूही' असं काही जोडू नका. उलट विचारा, "तुझं काय चाललंय?" असा प्रश्न बहुतेक वेळा तोच माणूस विचारतो ज्याचं स्वतःचं काहीतरी बिनसलेलं असतं. ती बोलली तर तुमचं काम ऐकायचं.

तिला पुढे कधी जास्त ऐकायचं असेल तर दोन मिनिटांत सांगता येईल एवढी स्वतःची हकिकत तयार ठेवा. आधी लिहून काढा. दोनशे ते अडीचशे शब्द पुरे. तुम्ही जन्मानं ख्रिस्ती आहात, म्हणून अंधारातून उजेडात आल्याचा नाट्यमय प्रसंग तुमच्याकडे नसेल. तो रचू नका. आजीच्या तोंडची गाणी, मग कंटाळून उपासनेला जाणं सोडलं असेल तर ते, आणि एखाद्या कठीण वेळी हा विश्वास उसना न राहता स्वतःचा झाला असेल तर ते कसं घडलं, एवढं खरं सांगितलं की झालं. अजून न सुटलेली एक गोष्टही त्यात असू द्या. सगळं छान झालं अशी हकिकत ऐकणाऱ्याला जाहिरातीसारखी लागते. लिहून झालं की मोठ्यानं वाचा आणि दुसऱ्या कुणाच्या देवाला, सणाला, व्रताला कमी लेखणारं वाक्य आलं असेल तर ते काढून टाका.

शब्दांचंही तसंच. आपल्या मंडळीची मराठी बाहेर जशीच्या तशी चालत नाही. तुमच्यासाठी 'तारण' म्हणजे सुटका. बँकेत जाणाऱ्यासाठी तारण म्हणजे कर्जापोटी गहाण पडलेलं सोनं. 'साक्ष' कोर्टात होते. 'पवित्र आत्मा' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गेलेल्या माणसाचा आत्मा येतो. 'येशूच्या रक्तानं धुतले गेलो' हे वाक्य शुद्ध शाकाहारी घरात बोलून पाहा, चेहरेच सांगतील. आणि 'पापी' ही तर शिवीच आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, मी कुणाचा खून केला? त्यापेक्षा 'चांगलं काय ते कळतं, पण हातून होत नाही' म्हणा. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात पौलानं हीच तक्रार केली आहे आणि ती कुणालाही पटते. 'कृपा' हा शब्द मात्र बिनधास्त वापरा. संतांनी तो मराठी माणसाच्या अंगवळणी पाडलाय. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी त्यांनी ख्रिस्ताबद्दल लिहिलं ते अभंगांत, याच मातीतल्या शब्दांत. फक्त एक सांभाळा: 'तुमच्या तुकोबांनाही खरं तर येशूच म्हणायचा होता' असं कधीही म्हणू नका. दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलून ती आपली म्हणण्यासारखं ते आहे.

गणपतीचं. काकूंनी बोलावलं तर जा, असंच सांगावंसं वाटतं. पण आरतीचं ताट हातात घ्यायचं का, प्रसाद खायचा का, यावर मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय वाचा, पाळकांशी बोला आणि तुमच्या सद्सद्विवेकाला काय पटतं ते बोलावणं यायच्या आधी ठरवा. दारात उभं राहून ठरवायला गेलात तर चेहरा आक्रसतो आणि तोच लोकांच्या लक्षात राहतो. प्रसाद घ्यायचा नसेल तर आदल्या दिवशी काकूंना एकटीला गाठून सांगा: "मी येणार आहे, मदतीला लवकरच येते. प्रसाद मी घेत नाही, तेवढं मनाला लावून घेऊ नका." मग जा, मोदकांच्या सारणाला नारळ खवून द्या, पाहुण्यांना पाणी द्या, आरतीच्या वेळी मागे शांत उभ्या राहा. सगळ्यात वाईट म्हणजे प्रसाद हसून हातावर घ्यायचा आणि जिन्यातल्या कुंडीत टाकायचा. सकाळी झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाला तो दिसतोच. आणि जो नियम कराल तो चारही घरांत सारखा ठेवा.

नाताळात बोलावणं तुमच्याकडून जाऊ द्या. संध्याकाळी सहा ते साडेसात. काय होणार ते आधीच सांगा: एक-दोन नाताळची गाणी, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं, मग फराळ. वाचन चार मिनिटांच्या आत संपतं. येणाऱ्याला माहीत असलं की त्याला फसवून बसवल्यासारखं वाटत नाही, आणि ज्याला नको तो सात वाजता फराळालाच येईल. त्या वेळी भाषण नको, पाळकांना 'सहज' बोलावणं नको. करंज्या, शंकरपाळे वेगळ्या तेलात तळा, केक बिनअंड्याचा करा आणि तसं सांगा. ख्रिस्ती घरात खायला कचरणारे पुष्कळ जण मांसाच्या भांड्याला कचरतात, तुम्हाला नाही. गाणारा जथा सोसायटीत येणार असेल तर सचिवांना आधी कळवा. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचा हा नियम आपल्यालाही लागू आहे. आणखी एक: उत्तम शुक्रवारी कुणीतरी हमखास 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणतं. चूक काढू नका. "आमच्यासाठी आज येशूच्या मरणाचा दिवस असतो, आनंदाचा सण रविवारी," एवढं हसून सांगा. 'मग गुड कशाला म्हणतात?' असा प्रश्न तिथून बरेचदा आपसूक येतो.

प्रश्न सगळेच गोड येणार नाहीत. 'तुम्ही मूळचे कोण?' यात जात विचारलेली असते. 'तांदळासाठी ख्रिस्ती झालेले' हा टोमणाही कानावर येईल. यावर लाजू नका, चिडूही नका. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांत मिशनांनी लोकांना अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या. भुकेच्या वेळी काही घरं ख्रिस्ती झाली हे खरं आहे. महार-मांग समाजातल्या कितीतरी घरांना तिथं पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आणि माणूस म्हणून हाक मिळाली हेही खरं. दोन्ही सांगा. 'अहो, टिळकांसारखे ब्राह्मणही ख्रिस्ती झाले' हे उत्तर देऊ नका. त्यानं आपल्याच आजोबांची किंमत आपण कमी करतो. शेजारी आंबेडकरी बौद्ध असतील तर तुमच्या मंडळीतल्या जातीबद्दल ते विचारतील, लग्नं जुळवताना काय होतं ते विचारतील. तिथं झाकपाक केलीत तर पुढचं एकही वाक्य ऐकलं जाणार नाही.

'सगळे देव शेवटी एकच ना?' याला भाषणानं उत्तर देण्याची घाई नको. "तुम्हाला असं का वाटतं?" असं विचारा आणि खरोखर ऐका. मग प्रामाणिकपणे म्हणा, "मला सगळं एकच आहे असं वाटत नाही, येशूबद्दल मला काहीतरी वेगळं दिसतं. पण त्यामुळे तुम्ही मला कमी होत नाही." होला हो लावणं ही नम्रता नाही. ते खोटं बोलणं झालं, आणि शेजाऱ्याला ते कळतं.

आजारपणात प्रार्थना करावीशी वाटली तर आधी विचारा: "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? इथं नको असेल तर मी घरी करीन." घरी म्हणाले तर घरीच करा. इथंच म्हणाले तर अर्ध्या मिनिटात, साध्या मराठीत, त्यांचं नाव घेऊन. डोक्यावर हात नको, तेल नको, आवाज चढवणं नको. बरं होण्याचं वचन तुमच्या तोंडून जाऊ नये, कारण ते द्यायचा अधिकार तुमचा नाही. औषध, तपासणी, पथ्य यांतलं काहीही थांबवा असा इशारासुद्धा नको. त्यानं जीव जाऊ शकतो. आणि मंडळीच्या प्रार्थना-ग्रुपवर काकांचं नाव, फ्लॅट नंबर, अहवाल टाकू नका. 'एका शेजाऱ्यासाठी' एवढं पुरतं. तो संदेश तीन ग्रुप फिरून सोसायटीत परत येतो, आणि मग काकू दार अर्धवटही उघडणार नाहीत. दोन दिवसांनी विचारायचं ते 'प्रार्थनेचा काही फरक पडला का' असं नाही; 'काका आज चालले का' असं.

लहान मुलांबाबत ठाम राहा. काकूंचा नातू तुमच्याकडे खेळायला येतो म्हणून त्याला शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबल वर्गात, किंवा मे महिन्यातल्या बायबल शिबिरात नेऊ नका. आईवडिलांनी, सगळं कळून, स्वतः हो म्हटलं तरच. ऑफिसातही तुमच्या हाताखालच्या माणसाजवळ हा विषय तुम्ही काढू नये. त्याला नाही म्हणायची सोय नसते.

कायद्याचं थोडक्यात. घटनेचं २५ वं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं; सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादा सांभाळून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की आपला धर्म सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा नाही. देशातल्या अनेक राज्यांत बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध कायदे आहेत, आणि आमिषाची व्याख्या काही ठिकाणी इतकी रुंद आहे की भेटवस्तूही त्यात बसते. डबा आणि पत्रिका वेगळी ठेवायला हे आणखी एक कारण. गप्पांत आपला विश्वास सांगणं वेगळं. पण कुणी बाप्तिस्म्यापर्यंत आलं तर आपल्या राज्यात त्या वेळी कोणता कायदा लागू आहे ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मैत्रिणीला पुढे स्वतःहून वाचावंसं वाटलं तर मार्कचं शुभवर्तमान द्या. सोळा अध्याय आहेत. आठवड्याला दोन धरले तर दोन महिन्यांत होतं. मत्तयापासून सुरुवात केली तर पहिल्याच पानावर वंशावळ लागते आणि पुस्तक मिटतं. बायबलमधलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, तर नकोच. जुन्या भाषांतरातली मराठी जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल वाचायला सोपं आहे. दोघी भेटाल तेव्हा दोनच प्रश्न पुरेत: यात येशू काय करतोय, आणि यातलं तुला काय पटलं नाही? दुसरा प्रश्न गाळू नका. जिथं तुम्हाला उत्तर येत नाही तिथं 'मला माहीत नाही, विचारून सांगते' म्हणा, आणि खरंच विचारून सांगा. ती अनुसूचित जातीतली असेल आणि मनावर घ्यायला लागली असेल तर आणखी एक गोष्ट तिला आधीच कळली पाहिजे: राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो जातो, त्याबरोबर आरक्षण आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही. हे तिला निर्णयानंतर दुसऱ्या कुणाकडून कळणं हा विश्वासघात ठरेल.

मंडळीत 'या महिन्यात किती जणांना सांगितलं?' असं विचारतात, त्याबद्दल पाळकांशी एकदा शांतपणे बोला. डब्यात पत्रिका गेली ती बरीचशी त्या दडपणानं गेली. आकडा सांगायचा असला की समोरचा माणूस आकडा होतो. त्याऐवजी शेजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करू या असं त्यांना सुचवा. ती नावं तुमच्या घरात, तुमच्याच तोंडात राहू द्या.

काकूंकडे या आठवड्यात जाऊन या. मेतकुटाचं मात्र लगेच विचारू नका, पंधरा दिवस जाऊ द्या. डाळी किती भाजायच्या ते त्या सांगतील, वर 'थांब, मीच देते थोडं' असंही कदाचित म्हणतील. ते ज्या वाटीतून येईल ती वाटी परत करताना त्यात काहीतरी घाला. साखर चालेल. कागद नको.